सबब, बहाणा, निमित्त, मिष: नेमका फरक आणि रोजचा वापर

ओसरी
मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी शब्दार्थांची टिपणे तयार करताना 'सबब' या शब्दापाशी गाडी अडते. कोशात 'कारण, निमित्त, बहाणा' अशी रांग मिळते. शिकणारा ती रांग खरी मानतो आणि चारही शब्द एकमेकांच्या जागी ठेवतो. मग "वाढदिवसाच्या सबबीवर पेढे वाटले" असे वाक्य तयार होते. व्याकरणात काही चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटते की वाढदिवस खोटाच होता.
नेमके हवे आहे ते असे. सबब नेहमी खोटीच असते का? बहाण्याहून ती वेगळी कशी? आणि खरेदीखतात, नोटिशीत वाक्याच्या सुरुवातीलाच "सबब" येते, ती हीच का? शक्य तिथे वापराची वाक्ये द्यावीत, नुसते प्रतिशब्द नकोत.

कोशवाचक
मूळ शब्द अरबी, अर्थ 'कारण'. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि दरबारी कागदांत रुळला. उर्दूत तो अजूनही साधा 'कारण' आहे, 'बेसबब' म्हणजे विनाकारण. मराठीत मात्र त्याला दोन वाटा फुटल्या. कागदावरची 'सबब' जुन्या अर्थाला धरून राहिली आणि बोलण्यातली 'सबब' संशयाची झाली.

तुमच्या पहिल्या प्रश्नात खोटेपणा नेमका कुठे बसतो ते पाहू. "पाऊस होता म्हणून आलो नाही" असे कोणी म्हणतो. पाऊस खरोखर पडलेला असतो, सगळ्यांनी पाहिलेला असतो. तरीही ती सबब असू शकते. खोटा असतो तो 'म्हणून'. पाऊस नसता तरी तो आला नसता, एवढेच. सबबीत सांगितलेली गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न दुय्यम आहे. ती गोष्ट आणि न झालेले काम यांच्यामधला दुवा खोटा असतो.

यातून एक साधी कसोटी निघते. सांगितलेली अडचण दूर करून पाहा. "यायला वाहन नाही" म्हणणाऱ्याकडे वाहन पाठवले आणि तो आला, तर ते कारण होते. वाहन दारात उभे राहिल्यावर "आता उशीर झाला, लोक निघाले असतील" असे उत्तर आले, तर वाहन ही सबब होती आणि उशीर ही दुसरी सबब आहे.

थाप याहून वेगळी. थापेत विधानच खोटे असते: आकाश कोरडे असताना पाऊस होता म्हणणे. थाप सबबीच्या कामी येते, पण बढाईसाठी मारलेली थाप सबब नसते आणि खऱ्या पावसाची सबब थाप नसते. शिकणाऱ्यांना हे दोन शब्द आधी वेगळे करून द्या, बाकीचे मग सोपे जाते.

पारंबी
बहाण्याबद्दल. सबब मुख्यतः काहीतरी न करण्यासाठी असते, बहाणा काहीतरी करण्यासाठी. वर्तमानपत्रातल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचा: "पत्ता विचारण्याच्या बहाण्याने मंगळसूत्र हिसकावले", "पाणी मागण्याच्या बहाण्याने घरात शिरला". इथे 'सबब' कोणी लिहीत नाही आणि लिहिली तर खटकते, कारण चोराला काही टाळायचे नाही, त्याला आत शिरायचे आहे. उलट "डोकेदुखीची सबब सांगून बैठकीला आला नाही" इथे सबब अगदी चपखल.

अर्धविराम
पारंबी, फरक पटतो, पण तो पुरत नाही. "पोटदुखीचा बहाणा करून शाळा बुडवली" हे वाक्य घराघरांत ऐकू येते आणि त्यात टाळाटाळच आहे.
माझ्या मते खरी ओळख क्रियापदातून पटते. सबब सांगतात, बहाणा करतात. सबबीला तोंड पुरते, बहाण्याला अंग लागते. मुलाने चिठ्ठी पाठवून "पोट दुखते आहे" कळवले तर ती पोटदुखीची सबब. पोट धरून, कण्हत, पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिला तर तो पोटदुखीचा बहाणा. "झोपल्याचा बहाणा केला" म्हणता येते, "झोपल्याची सबब केली" म्हणता येत नाही. चोर पत्ता विचारतो, थांबतो, वाकून ऐकतो, म्हणजे अभिनय करतो, म्हणून तोही बहाणाच.

पारंबी
हे जास्त नेमके आहे, मान्य. माझा नियम या नियमाचा परिणाम आहे असे म्हणू. काही करून घ्यायचे तर अभिनय लागतोच. टाळायला बहुतेक वेळा बोलणे पुरते.

मुद्रितशोधक
क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर 'सबब' कोणाकोणाबरोबर नांदते ते लिहून ठेवतो.
सबब सांगतात, देतात, काढतात, शोधतात, पुढे करतात. ऐकणाऱ्याच्या बाजूने ती ऐकून घेतात, मान्य करतात, फेटाळतात. ती स्वतः चालते किंवा चालत नाही ("ही सबब इथे चालणार नाही"), खपते किंवा खपत नाही. 'सबबीखाली' आणि 'सबबीवर' हे दोन्ही रुळलेले आहेत: "खर्चाच्या सबबीखाली काम थांबवले", "पुरावा अपुरा असल्याच्या सबबीवर अर्ज परत केला".
"सबब मारली" चुकीचे, मारतात ती थाप. "सबबी बनवू नकोस", "बहाणे बनवू नकोस" ही हिंदीची थेट नक्कल आहे. हिंदीतला 'बहाना' मराठी सबबीचेही काम करतो, त्यामुळे अनुवादात बहाण्यांचा सुळसुळाट होतो आणि जिथे मराठी माणूस सहज "कारणं सांगू नकोस" म्हणेल तिथे "बहाणे बनवू नकोस" छापले जाते. मालिकांच्या संवादात हे सतत दिसते आणि खटकते.
विशेषणे: लंगडी सबब, लटकी सबब, पोकळ, फुसकी, तकलादू, थातूरमातूर, ठरावीक. यातल्या पहिल्या दोन सरसकट एकत्र वापरल्या जातात. लंगडी म्हणजे उभी राहू न शकणारी, म्हणजे कमकुवत, ती खरीही असू शकते. लटकी म्हणजे मुळात खोटी ('लटका राग' मधला लटका). "बस पाच मिनिटे उशिरा आली म्हणून दोन तास उशीर झाला" ही लंगडी. बस वेळेवर आली होती, तर तीच सबब लटकी.
'सबळ सबब' मात्र जमत नाही. सबळ असते ते कारण.

ओसरी
"कारणं सांगू नकोस" हे मुद्रितशोधक यांनी सहज लिहिले, पण त्यातच गोम दिसते. इथे 'कारण' शब्दच सबबीचा अर्थ देतो आहे. मग कारण आणि सबब यांची भिंत कुठे आहे?

अर्धविराम
भिंत वचनात आहे, निदान बोलीत. एकवचनी 'कारण' तटस्थ: "न येण्याचे कारण काय?" हाच शब्द अनेकवचनात आणि नकारार्थी आज्ञेत गेला की सबब होतो: "कारणं देऊ नकोस", "ह्याची कारणं संपतच नाहीत". 'सतरा कारणं', 'छप्पन्न कारणं' अशी संख्या लागली की तर शंकाच उरत नाही. खऱ्या कारणाला संख्या लागत नाही, एक पुरते.
एकवचनातही क्रियापद बदलले की रंग बदलतो. कारण असते, कळवतात, नमूद करतात: तटस्थ. कारण काढतात, शोधतात, पुढे करतात: आधी निर्णय झाला, मग कारण आले. "भांडायला काहीतरी कारण काढतो" यात कारण भांडणाच्या मागून येते. शिकणाऱ्यांना "कारण सांगितले" आणि "कारण काढले" ही जोडी द्या. एका क्रियापदाने आरोप कसा होतो ते त्यांना लगेच कळेल.
"कारणे दाखवा नोटीस" यात अनेकवचन असूनही आरोप नाही. तिथे "कारवाई का करू नये याची कारणे" अशी पूर्ण रचना गृहीत आहे.

दस्तलेखक
ओसरी यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. दस्तातली 'सबब' ही अव्यय आहे, अर्थ 'म्हणून', 'या कारणाने'. "सबब, आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की…", "सबब हे खरेदीखत लिहून दिले आहे", "सबब, खालीलप्रमाणे आदेश". आधीच्या परिच्छेदांत हकिगत येते, मग 'सबब', मग हकिगतीतून निघणारी मागणी किंवा आदेश. जुन्या पत्रांत ती नामाच्या मागेही बसे: "आजार सबब येणे झाले नाही", म्हणजे आजारामुळे. या अव्ययाला विभक्ती लागत नाही, विशेषण लागत नाही, लिंग-वचन नाही. ओळखायची खूण सोपी: तिथे 'म्हणून' घालून वाक्य चालले तर अव्यय. नोटिशीचा अनुवाद करणारे नवे लोक इथे हमखास फसतात आणि मागणीचा परिच्छेद 'निमित्ताने' सुरू करतात. अर्थच उलटतो.

नाम म्हणून कायद्याच्या भाषेत जी सबब येते ती तिसऱ्या प्रकारची आहे आणि ती खोटी नाही. "कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही" हे वाक्य घ्या. माणसाला कायदा खरेच माहीत नसेल. त्याचे अज्ञान कोणी नाकारत नाही. ते सुटकेला पुरेसे नाही, इतकेच म्हणणे आहे. म्हणजे इथे सबब = जबाबदारीतून सुटण्यासाठी मांडलेला आधार, मान्य होवो वा न होवो. वस्तुस्थितीबाबतची प्रामाणिक चूक मात्र आधार ठरू शकते. भारतीय न्याय संहिता, 2023 मधले कलम 17 तेच सांगते, पूर्वी भारतीय दंड संहितेत ते कलम 79 होते. निविदांमध्ये "टपालातील विलंबाची सबब ऐकली जाणार नाही" असते, तिथेही टपालाला खरोखर उशीर झाला असेल असे धरूनच लिहिलेले असते.

पारंबी
तहकुबीच्या अर्जांत सबबी चालतात तरी कशा? म्हणजे तिथे शब्दाचा व्यवहारातला वापर रोजचा आहे.

दस्तलेखक
दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 17, नियम 1. तहकुबीला 'पुरेसे कारण' लागते आणि ते न्यायालयाने लेखी नोंदवायचे असते. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असे नियम सांगतो. अगदी असाधारण परिस्थितीत त्यापुढेही जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले. याच नियमाचा दुसरा भाग तर सबबींची यादीच आहे म्हणा. पक्षकाराचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, हा तहकुबीचा आधार धरायचा नाही. वकील आजारी आहेत हे कारण दिले तर, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमता आला नसता, याची खात्री न्यायालयाने करून घ्यायची. कोशवाचक यांची 'अडचण दूर करून पाहा' ही कसोटी नियमात जवळपास तशीच लिहिलेली आहे. दुसरा वकील मिळू शकत होता का? शकत होता, तर आजार खरा असूनही आधार पुरत नाही.

विलंबमाफीचा अर्ज हे दुसरे ठिकाण. मुदत अधिनियम, 1963, कलम 5. ते अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. समजा अपिलाची मुदत 30 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस कलम 12 खाली वजा करून अपील 48 व्या दिवशी दाखल झाले. विलंब 18 दिवसांचा. आता अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे ते 10 व्या ते 20 व्या दिवसांचे. प्रमाणपत्र खरे आहे, आजारही खरा, पण तो मुदतीच्या आत संपला. 31 ते 48 या दिवसांबद्दल कागदावर एक शब्द नाही. असा अर्ज 'सबब' म्हणून वाचला जातो, आणि चूक अर्ज लिहिणाऱ्याची असते. पाहिजे काय होते? मुदत संपली त्या दिवसापासून दाखल केले त्या दिवसापर्यंतचा सलग हिशेब.
याचा अर्थ तासातासाचा जमाखर्च मांडायचा असा नाही. कलेक्टर, भूसंपादन, अनंतनाग विरुद्ध कातिजी या 1987 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा' ही अट व्यवहारी नजरेने वापरायला सांगितले आहे.

वाटसरू
कायद्याबाहेर, कार्यालयात किंवा संस्थेत, खरे कारण असूनही ते सबबीसारखे वाचले जाते तेव्हा चूक कुठे होते, यावर थोडे.
पहिली चूक कारणांच्या संख्येची. "तब्येत बरी नव्हती, शिवाय पाहुणे होते, शिवाय इंटरनेट बंद होते." तीनही खरे असेल, पण प्रत्येक 'शिवाय' आधीच्या कारणाचा जोर कमी करतो. वाचणारा विचारतो, तब्येत पुरेशी वाईट असती तर पाहुण्यांचा उल्लेख कशाला? ज्या एका कारणाने काम अडले तेवढेच लिहावे.
दुसरी चूक वेळेची. अडचण सोमवारी कळली, काम बुधवारी द्यायचे होते आणि कळवले गुरुवारी. सोमवारी कळवले असते तर तेच वाक्य 'अडचण' होते. गुरुवारी ते 'सबब' होते. शब्द तेच, तारीख वेगळी.
तिसरी चूक अडचणीपाशीच थांबण्याची. पुढे काय, हे नसेल तर वाक्य हात झटकल्यासारखे वाटते.
चांगल्या मजकुरात काय घडले, ते केव्हा कळले, त्यामुळे नेमके किती काम अडले आणि उरलेले केव्हा होईल, एवढे असते. नमुना: "तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेकडून 12 तारखेऐवजी 16 ला मिळणार असल्याचे आज कळले. त्यामुळे तिसरे प्रकरण अपुरे राहील. पहिली दोन आज सोबत पाठवत आहे, तिसरे 18 तारखेला देईन." यात माफीचा एकही शब्द नाही, तरी कोणी याला सबब म्हणणार नाही. याच्या शेजारी हे ठेवा: "प्रयोगशाळेने उशीर केल्यामुळे अहवाल वेळेत देता आला नाही, तरी समजून घ्यावे." घटना एकच आहे.

मुद्रितशोधक
वाटसरूंचा दुसरा नमुना आणखी एका कारणाने सबबीसारखा वाटतो. त्यात कर्ताच नाही. "देता आला नाही", "होऊ शकले नाही", "राहून गेले". ही मराठीतली शक्य आणि अकर्तृक रचना स्वभावतः सभ्य आहे आणि एखादे वेळी हवीच, पण उशिराच्या खुलाशात ती रांगेने आली की कोणीच काही केले नाही असा भास होतो. एक तरी वाक्य 'मी' ने चालवावे.

कोशवाचक
आता निमित्त. कोशांनी सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाचा केला आहे.
निमित्त खोटे नसते, अपुरे असते. मोठ्या कारणाला लागलेला शेवटचा धक्का म्हणजे निमित्त. "तापाचे निमित्त झाले आणि गेले": ताप खरा, पण शरीर आधीच थकले होते. न्यायशास्त्रात कारणाचे समवायी, असमवायी आणि निमित्त असे तीन प्रकार मानतात. घटाचे उदाहरण घेतले तर कुंभार आणि त्याचा दंड ही निमित्त कारणे, घट घडतो तो मातीच्या कपालांतून, म्हणजे घटाच्या अर्ध्या-अर्ध्या भागांतून, ते समवायी कारण. गीतेच्या अकराव्या अध्यायातला 'निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्' हाच अर्थ देतो. कार्य आधीच ठरलेले आहे, तू फक्त साधन हो.
म्हणून "वाढदिवसानिमित्त पेढे" स्वच्छ आहे. "जयंतीनिमित्त व्याख्यान" स्वच्छ आहे. संशय येतो तो 'करून' लागल्यावर: "औषधाचे निमित्त करून बाहेर पडला". 'निमित्ताला टेकलेला' म्हणजे भांडण आधीच तयार, फक्त ठिणगीची वाट पाहणारा. इथेही निमित्त स्वतः खरे असते, उपयोग वाकडा असतो.
एकच वाक्य चार शब्दांनी फिरवून पाहा. 'औषध आणण्याच्या निमित्ताने बाजारात गेला': औषध आणले, जोडीने आणखी काही केले. 'बहाण्याने गेला': औषध आणायचेच नव्हते. 'मिषाने गेला': बहाण्यासारखेच, पण भाषा ग्रांथिक. 'औषध आणायचे आहे या सबबीवर सभेतून उठला': जाण्यापेक्षा उठणे महत्त्वाचे. सभा टाळायची होती.

पारंबी
मिष वरून आठवले. बातम्यांत "नोकरीच्या मिषाने फसवणूक" आणि "नोकरीच्या आमिषाने फसवणूक" दोन्ही दिसतात. एक दुसऱ्याचे चुकीचे रूप आहे का?

कोशवाचक
नाही, दोन स्वतंत्र शब्द. आमिष म्हणजे मुळात मांस, त्यावरून गळाला लावायचा तुकडा, त्यावरून लालूच. मिष म्हणजे खोटे निमित्त. नोकरीची लालूच दाखवली, तर आमिष ("नोकरीचे आमिष दाखवून पैसे घेतले"). नोकरीची मुलाखत आहे असे सांगून कोणाला कुठे बोलावले, तर मिष ("मुलाखतीच्या मिषाने बोलावून लुटले"). फसणाऱ्याला हवीशी वाटणारी वस्तू आमिष, फसवणाऱ्याचा पडदा मिष.
आणि या कुळातला सर्वांत सुंदर शब्द राहू नये: व्याज. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, मिष. मराठीत तो पैशावरच्या व्याजासाठी इतका रुळला की मूळ अर्थ 'निर्व्याज' मध्येच जिवंत राहिला. निर्व्याज प्रेम म्हणजे ज्यामागे दुसरा कोणताही हेतू लपवलेला नाही असे प्रेम. बिनव्याजी कर्जाशी त्याचा संबंध नाही, जरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो जोडला जातो. अलंकारशास्त्रात व्याजस्तुती (निंदेच्या आडून स्तुती) आहे, तशी व्याजोक्तीही आहे: मनातला भाव चेहऱ्यावर उमटला, लपवणे अशक्य झाले, मग त्याचे दुसरेच कारण सांगायचे. डोळ्यांत पाणी का, तर धूर गेला. सबबीला अलंकाराचा मान मिळाला तो इथे.

अर्धविराम
व्याजोक्तीचे उदाहरण फार छान. टिपणात घालावे असे.
उरलेली मंडळी भराभर. सोंग घेतात किंवा आणतात, ढोंग करतात. सोंगात वेष किंवा अवस्था उसनी असते (दशावतारातली, बहुरूप्याची सोंगे), ढोंगात गुण किंवा भाव उसना असतो. आजाराचे सोंग, भक्तीचे ढोंग. बतावणी हा तमाशातला गण-गवळणीनंतरचा भाग, व्यवहारात 'बतावणी करणे' म्हणजे मी अमुक आहे असे खोटे भासवणे: "पोलीस असल्याची बतावणी करून". तिथे बहाणा चालत नाही, कारण ओळखच खोटी आहे. सारवासारव नेहमी नंतरची, बोलून किंवा करून बसल्यावर. सबब आधीही सांगता येते, सारवासारव आधी होऊच शकत नाही. उडवाउडवी उत्तराची होते, टोलवाटोलवी माणसाची (या टेबलावरून त्या टेबलावर). टाळाटाळ, चालढकल, टंगळमंगळ ही वागणुकीची नावे आहेत. सबब हे त्या वागणुकीचे हत्यार. "चालढकल सांगितली" असे म्हणून कोणी पाहू नये.
कांगावा मात्र पूर्ण वेगळा: स्वतः चूक करून वर आपल्यावरच अन्याय झाला अशी ओरड. सबब सांगणारा बचावात असतो, कांगावा करणारा हल्ल्यात.

वाटसरू
म्हणींपैकी 'नाचता येईना अंगण वाकडे, स्वयंपाक येईना ओली लाकडे' ही नेमकी सबबीची म्हण. तिच्यात दोष वस्तूवर ढकलला आहे, आणि लाकडे ओली असतीलही, तेव्हा कोशवाचक यांचा मुद्दा म्हणीलाही लागू पडतो. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' इथे लावू नये. विघ्ने खरी असतात, कोणी टाळत नसते. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' म्हणजे ठाऊक असून अजाणतेपणाचा आव आणणे. ते सबबीपेक्षा सोंगाजवळचे.

मुद्रितशोधक
लेखन आणि रूपे: सबब स्त्रीलिंगी, अनेकवचन सबबी, पुढे सबबीला, सबबीवर, सबबींना. बहाणा पुल्लिंगी, बहाणे, बहाण्याने, 'ण' ने लिहायचा. निमित्त नपुंसकलिंगी, दोन्ही इकार ऱ्हस्व, त्त जोडाक्षर, 'निमीत्त' चूक. 'निमित्त' शब्दयोगी म्हणून लागले तर जोडून: वाढदिवसानिमित्त, कामानिमित्त. मिष, आमिष दोन्हीत पोटफोड्या ष.

ओसरी
फार मोलाचे मिळाले. एक शेवटची अडचण. शिकणाऱ्याने हा शब्द कोणाला उद्देशून वापरावा? "तुम्ही सबब सांगत आहात" हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात निरुपद्रवी दिसते.

अर्धविराम
ते निरुपद्रवी नाही, समोरच्याला तोंडावर खोटे ठरवणारे आहे. 'सबब' स्वतःसाठी फार क्वचित वापरतात ("सबब सांगत नाही, पण…" एवढ्यापुरती), आणि समोरच्यासाठी वापरली की आरोप होतो. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला, ग्राहकाला ती वापरू नये. तिथे "कारण पटले नाही" किंवा "अडचण समजली, पण तारीख पुढे नेता येणार नाही" चालते. बरोबरीच्या माणसाला "कारणं नकोत" पुरते. मित्राला "थापा मारू नकोस" सहज म्हणतात आणि त्यात लाडीगोडी असू शकते. "सबबी सांगू नकोस" यात ती नसते, हा शब्द मैत्रीतही थोडा कोरडाच राहतो. तिसऱ्या व्यक्तीबद्दल आणि लेखी नियमांत तो मोकळेपणाने येतो.

दस्तलेखक
नियमांत लिहिताना एवढे करा: "कोणतीही सबब" एवढ्यावर थांबू नका. "उशिराबाबत कोणतीही सबब ऐकली जाणार नाही" लिहिले की खरे अडचणीतलेही दाराबाहेर राहतात आणि मग नियम वाकवावा लागतो. "पूर्वसूचनेशिवाय" हा शब्द आधी घाला. "पूर्वसूचनेशिवाय झालेल्या उशिराबाबत कोणतीही सबब ऐकली जाणार नाही."